तालुक्यातल्या विहिरी कॉलेजनंच मोजायला हव्यात

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. जलदूत. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्येच टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून तिथं १४४ कलम लावावं लागलं होतं. आणि हे कुठल्या शहरात, तर ज्याच्या नावानं अख्ख्या महाराष्ट्रात शिक्षणाचा पॅटर्न ओळखला जातो, जिथं नांदेड, बीड, परभणीकडची पोरं अकरावी-बारावीला खोली करून राहतात आणि फिजिक्स-केमिस्ट्री शिकवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. मांजरा धरण आटत चाललंय हे सगळ्यांना दिसत होतं. पण शहराच्या आणि आसपासच्या गावांच्या जमिनीत किती पाणी उरलंय, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होतं, कुठल्या भागातल्या बोअर आधी जाणार, हे सांगणारी एखादी साधी वही सामान्य माणसाला उघडून बघता येईल अशी कुठं नव्हती. एवढी कॉलेजं, एवढ्या लॅब, एवढी हुशार पोरं, आणि पाण्याची वही नाही. मला त्या वर्षापासून ही गोष्ट सलते.

विद्यापीठ आणि पर्यावरण असा विषय निघाला की आपल्याकडं लगेच कॅम्पस डोळ्यापुढं येतो. सोलर पॅनल, गांडूळ खताचे हौद, रेन वॉटर हार्वेस्टिंगची पाटी, प्लॅस्टिकबंदीचा बोर्ड, ५ जूनचं वृक्षारोपण. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, सातव्या निकषात ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट वगैरे धरलेलं आहे त्यामुळं कॉलेजं हे करतात आणि करावंच, माझा त्याला अजिबात विरोध नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ बघा, माळरानावर उभं राहिलेलं, साडेआठशे एकरांचा कॅम्पस, तिथं तळी-विहिरी करून पाणी अडवलं, जिरवलं आणि पाण्याच्या बाबतीत विद्यापीठ जवळपास स्वतःच्या पायावर उभं राहिलं. २०१९ च्या महापुरात शहराच्या पाणीयोजना बुडाल्या, चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी अवस्था झाली तेव्हा हे कॅम्पसमधलं पाणी बाहेरच्या लोकांच्या कामी आलं. मोठं काम आहे हे. पण ते मोठं कधी ठरलं, तर पाणी गेटच्या बाहेर गेलं तेव्हा.

माझं म्हणणं तेवढंच आहे. कॅम्पस हिरवा ठेवणं हे कर्तव्य झालंच, पण कुठलंही कॉलेज पर्यावरणासाठी खरंच काय करतं हे त्याच्या गेटबाहेरच्या दहा-पंधरा गावांत जाऊन बघायला पाहिजे. आणि तिथं करण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट झाडं लावणं, रॅली काढणं, पथनाट्य करणं ही नाहीये. ती आहे नोंद ठेवणं. पाण्याची, पावसाची, मातीची, डोंगरउताराची. दरवर्षी, त्याच जागी, त्याच सुमाराला, वीस-तीस वर्षं न चुकता, आणि ती नोंद ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवणं.

आता हे काम कॉलेजचंच का, सरकारचं का नाही? कारण तालुक्यात बाकी सगळे बदलून जातात हो. तलाठी बदलतो, ग्रामसेवक बदलतो, तहसीलदार दोन-तीन वर्षांत जातो, कलेक्टर त्याच्याही आधी, संस्थेचा प्रोजेक्ट संपला की संस्थेचं ऑफिस बंद, आणि सरकार बदललं की योजनेचं नावसुद्धा बदलतं. तालुक्याच्या ठिकाणी तीस-चाळीस वर्षं एका जागी उभी असलेली, दर जूनला नवीन शे-दोनशे पोरं दारात येणारी, तराजू-बीकर-मायक्रोस्कोप असलेली आणि रजिस्टर लिहायची सवय असलेली एकच संस्था असते, ती म्हणजे कॉलेज. आणि ही पोरं येतात कुठून, तर त्याच गावांमधून, एसटीच्या पासवर. म्हणजे माहिती गोळा करायला बाहेरून कुणी पाठवायलाच नको, ती माणसं रोज सकाळी गावातून निघतात आणि संध्याकाळी गावातच परत जातात.

गावागावाची वेगळी नोंद कशाला, जिल्ह्याची आकडेवारी असतेच की, असं कुणी म्हणेल. त्यासाठी आपल्या पायाखालचा दगड समजून घ्यायला लागेल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा आहे. या पाषाणात गाळाच्या जमिनीसारखं मैलोन्‌मैल पसरलेलं पाणी नसतं, ते असतं वरच्या मुरमात आणि खाली खडकाच्या भेगांमध्ये, तेही खडकाच्या मानानं अगदी थोडं, एक-दोन-तीन टक्के. म्हणून तर एकाच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकतं आणि बांधाच्या पलीकडं दुसऱ्यानं कर्ज काढून मारलेली बोअर कोरडी जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा जमिनीत जिल्ह्याची सरासरी शेतकऱ्याच्या काही कामाची नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते, चांगलं आणि चिकाटीचं काम आहे ते, पण त्या विहिरी राज्यभर मिळून चार हजारांच्या आसपास आणि गावं चाळीस हजारांच्या वर. दहा गावांमागं एक विहीर. त्यातून राज्याचं चित्र कळतं, माझ्या गावानं यंदा गहू करावा का हरभरा हे नाही कळत. आणि दुसरीकडं बघा, राज्यात कॉलेजं आहेत साडेचार हजारांच्या वर आणि तालुके ३५८. त्यातली खूपशी पुण्या-मुंबईत आणि नागपुरात गोळा झालेली आहेत हे खरं, तरी एकही सिनियर कॉलेज नाही असा तालुका शोधायला लागेल.

मोजणं अजिबात अवघड नाही. एक लांब टेप, टोकाला वजन. विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटनं एक खूण करून ठेवायची आणि दरवेळी तिथूनच टेप सोडायचा, आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची, नाहीतर कठडा नव्यानं बांधला की सगळे जुने आकडे चुकतात. पहाटे मोटर चालू व्हायच्या आत जायचं, कारण तासभर मोटर चालली की पातळी खाली गेलेली असते, मग तुम्ही मोजून आणता तो उपसा, विहिरीचं खरं पाणी नाही. शेतीला लाइट रात्रीची असेल तर शेतकऱ्याला विचारून घ्यायचं की काल किती तास मोटर चालली आणि तेही रजिस्टरमध्ये लिहायचं. जुनी माणसं विहिरीचं पाणी अजून परस या मापात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या हिशोबानं सांगतात, दोन परस पाणी आहे, अडीच परस आहे, तर त्यांनी सांगितलेलं आणि टेपनं आलेलं दोन्ही शेजारी शेजारी लिहायचं, म्हणजे वीस वर्षांपूर्वी या महिन्यात किती परस असायचं हे विचारलं की त्याचे मीटर करता येतात. पाऊस मोजायला साधं पर्जन्यमापक चालतं, रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खातं त्याच वेळेला वाचतं त्यामुळं आपला आकडा त्यांच्याशी लावून बघता येतो. बीएस्सी फर्स्ट इयरचं पोरगं, बीएची पोरगी, कुणीही हे करू शकतं.

मात्र एका वर्षाच्या मोजणीला काहीही किंमत नाही, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय कारण आपल्याकडं नेमकं तिथंच सगळं अडतं. एक वर्षाचा आकडा म्हणजे एक प्रोजेक्ट रिपोर्ट. पाच वर्षांचे झाले की त्यात एखादं दुष्काळाचं आणि एखादं अतिवृष्टीचं वर्ष येतं आणि विहीर कशी वागते ते दिसायला लागतं. दहा वर्षांचे झाले की गाव भांडू शकतं. सरकारशी, विमा कंपनीशी, वरच्या अंगाला बेकायदा उपसा करणाऱ्याशी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी झाली की २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आकडे वाचता येतात, आणि तीच रब्बीचा निर्णय घ्यायची वेळ असते. पाणी कमी असेल तर कांदा-गहू सोडून ज्वारी-हरभऱ्यावर जायचं हे तेव्हा ठरलं तर ठीक, फेब्रुवारीत उभं पीक वाळायला लागल्यावर ठरवून उपयोग काय? हिवरे बाजार हे गाव हेच करतं, पाऊस किती झाला, पाणी किती मुरलं, पिण्याला आधी किती ठेवायचं आणि मग उरलेल्यात कुठली पिकं, हा ताळेबंद गावात मांडला जातो. आपण सगळे ते गाव उभं करणाऱ्या पोपटराव पवारांचं कौतुक करतो, बसगाड्या करून गाव बघायला जातो. पण प्रत्येक गावाला पोपटराव मिळणार नाहीत, कॉलेज मात्र जवळपास प्रत्येक तालुक्याला आहे.

नोंद नसली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे जलयुक्त शिवार, गावोगाव पाणी अडवायची-जिरवायची सरकारी योजना. ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले, आणि २०२० मध्ये कॅगनं म्हटलं की पाण्याची गरज भागवायला आणि भूजल वाढवायला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्यावर राज्यभर भांडण झालं, एका बाजूनं हा घोटाळा, दुसऱ्या बाजूनं ही जनतेची चळवळ. मी काही गावं पाहिलीत जिथं खरंच पाणी वाढलं आणि काही पाहिलीत जिथं नाला इतका खोल केला की खालच्या शेतकऱ्याची विहीरच आटली. पण माझ्या पाहण्याला काय अर्थ आहे? काम व्हायच्या आधीचे पाच वर्षांचे आणि नंतरचे पाच वर्षांचे आकडे गावाकडं असते, तर कुणाच्याही भाषणाची गरज नव्हती. ते आकडे घ्यायला फक्त एक टेप आणि एक पोरगं लागत होतं.

आणि पोरांना आपण पर्यावरण शिकवत नाही असं पण नाही. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये सांगितलं की पर्यावरण विषय सगळ्या पातळ्यांवर शिकवलाच पाहिजे, पुढं यूजीसीनं डिग्रीला सहा महिन्यांचा कोर्स सक्तीचा केला. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठंही असा, ईव्हीएसचा पेपर आणि प्रोजेक्टची फाइल ठरलेली. त्या फाइली ज्यांनी केल्यात त्यांना माहिती आहे त्यात काय असतं. ओझोनच्या थराचं चित्र, नेटवरून घेतलेली ग्लोबल वॉर्मिंगची माहिती, सीनियरच्या फाइलमधून उतरवलेला नदीप्रदूषणाचा धडा, आणि वर्ष संपलं की फाइल रद्दीत. राज्यात दरवर्षी लाखो पोरं अशी फाइल करतात, त्या प्रत्येकानं फाइलऐवजी आपल्या गावातल्या दोन विहिरींची खोली दोनदा मोजून कॉलेजच्या रजिस्टरला लावली असती तर गेल्या वीस वर्षांत जगात कुठं नसेल असा भूजलाचा साठा आपल्या हाताशी असता. मला याचा खरंच त्रास होतो, कारण पोरांचे हातही होते, वेळही होता, कोर्टाचा आदेशही होता.

एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं पण तेच. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीला सुरू झालेली योजना, दरवर्षी दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. मला एनएसएसबद्दल आदर आहे. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांमध्ये वाळू-माती भरून, सुतळीनं तोंड शिवून, विटांच्या थरांसारखा सांधा मोड देत ओढ्यावर पोती रचायची आणि संध्याकाळपर्यंत मागं पाणी तुंबलेलं बघायचं, हा वनराई बंधारा ज्यांनी बांधलाय ते तो आयुष्यभर विसरत नाहीत. गावातल्या बायका दुसऱ्या दिवशी तिथं धुणं घेऊन येतात. पण शिबिर संपतं, पोरं समारोपाचा फोटो काढून जातात, आणि त्या बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकलं, खालच्या विहिरीला काही फरक पडला का, पुढच्या वर्षी तो जिथं बांधला तिथंच बांधावा का शंभर फूट वर, हे बघायला कुणी परत जात नाही. बऱ्याचदा तर दोन-तीन वर्षांनी दत्तक गावच बदलतं, का तर सगळ्या गावांना संधी मिळावी. गाव बदलू नका. तेच गाव वीस वर्षं धरून ठेवा, त्यातच दोघांचं भलं आहे.

ही काही परदेशातून आणायची कल्पना नाही, पुण्यातच शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या दशकात पिंपळे सौदागर हे एक गाव धरलं आणि त्याची माती, विहिरी, पिकं, कर्ज, जमिनीचे तुकडे सगळं घरोघर जाऊन नोंदलं. १७७१ मध्ये एका खातेदाराकडं सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली हे त्या अभ्यासातनं पुढं आलं आणि जमिनीच्या तुकडेकरणावर बोलताना आजही लोक तो आकडा देतात. आज तिथं टॉवर आहेत, पण तेव्हाचं गाव कसं होतं ते आपल्याला कळतं ते एका कॉलेजनं एका गावाकडं नीट बघितलं म्हणून. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं, मोहोळला निवड पद्धतीनं मालदांडी ज्वारीचा ३५-१ हा वाण निघाला, तोही १९३० च्या दशकातला. नव्वद वर्षं होत आली, अजून बाजारात मालदांडी म्हटलं की दोन रुपये जास्त मिळतात आणि जमिनीतल्या ओलीवर ती ज्वारी उभी राहते. दुष्काळात तग धरणं म्हणजे काय हे त्या लोकांनी सोलापूरच्या जमिनीत वर्षानुवर्षं पाय रोवून शोधलं.

आजच्या कृषी विद्यापीठांनी काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. परभणी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राची बीडीएन-७११ तूर दीडशे-एकशेपंचावन्न दिवसांत येते, म्हणजे शेवटी पाणी तुटायच्या आत दाणा भरलेला असतो, मराठवाड्यात तिनं कितीतरी घरं सांभाळली. सोयाबीनला रुंद वरंबा-सरी पद्धत, पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं आणि खंड पडला तर वरंब्यात ओल राहते, हेही विद्यापीठांनीच लावून धरलं. अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. विद्यापीठाची शिफारस विभागासाठी असते, आणि शेतकऱ्याकडं एकाच गावात वरच्या अंगाला वीतभर मातीचा माळ आणि खाली नदीकाठाला पुरुषभर काळी असते. राहुरी, अकोला, दापोली, परभणी या चार विद्यापीठांनी प्रत्येक शिवारात पोचावं ही अपेक्षाच चुकीची. पण तालुक्याच्या साध्या आर्ट्स-सायन्स कॉलेजनं मातीची खोली आणि पावसाचे खंड गावनिहाय लिहून ठेवले असतील तर कृषी विद्यापीठाच्या माणसाला तिथं येऊन नेमकं सांगता येईल की तुमच्या माळाला हे आणि काळीला ते. सध्या या दोन प्रकारच्या विद्यापीठांचा एकमेकांशी बोलण्याचा संबंधच येत नाही, खाती वेगळी, मंत्रालयातले मजले वेगळे.

पाण्याचं सोडा, डोंगराचं घ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. नंतर विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. कशी असेल? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभर जे दरडींचे नकाशे केले ते १:५०,००० प्रमाणात, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. ठाकर आदिवासींची पन्नासेक घरांची वाडी त्यात कुठं दिसणार. त्याच्या आधी २०१४ ला माळीण, १५१ माणसं गेली, आणि गाव नाहीसं झालंय हे आधी कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला. डोंगर खचायच्या आधी बऱ्याचदा खुणा दाखवतो. उतारावर नवीन भेगा पडतात, झाडं किंवा विजेचे खांब कलतात, घराच्या भिंतीला तडे जाऊन दारं अडकायला लागतात, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होतं किंवा भलत्याच जागी फुटतं. गुरं चारणाऱ्याला हे दिसतं, पण त्यानं सांगायचं कुणाला? रायगड, रत्नागिरी, सातारा, आंबेगाव-जुन्नर या भागातल्या बहुतेक आर्ट्स कॉलेजांत भूगोल विभाग असतो. त्या विभागानं आपल्या तालुक्यातल्या वीस-पंचवीस वाड्या धरून मे महिन्यात एकदा आणि पावसात दर पंधरा दिवसांनी वाडीतल्या माणसासोबत उतार फिरायचा, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजायचं आणि अंतर वाढलं की तहसीलदाराला लेखी द्यायचं. त्यानं इर्शाळवाडी नक्की वाचली असती असा दावा मी करत नाही, भेग न पडतासुद्धा दरड येते. पण तहसीलच्या आवक रजिस्टरला एखाद्या कॉलेजचं पत्र लागलेलं असलं की मग कुणाला यादीत नव्हती म्हणून हात वर करता येत नाहीत.

जैवविविधता नोंदवहीची गोष्ट थोडक्यात सांगतो. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीची अशी नोंदवही असायला हवी होती, वर्षानुवर्षं झाली नाही, मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंड लावायचं बोलले, आणि राज्याराज्यांत घाईघाईनं नोंदवह्या पूर्ण झाल्या. घाईत झालेल्या नोंदवहीत गावातल्या म्हातारीला माहीत असलेली रानभाजी येत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाटातल्या कॉलेजांच्या प्राध्यापकांना आणि पोरांना घेऊन जैवविविधतेच्या नोंदींचं जाळं उभं केलं होतं. म्हणजे वाट दाखवून झाली होती. त्या वाटेनं आपली विद्यापीठं पुढं का गेली नाहीत हा प्रश्न विचारायला पाहिजे.

मी हे बोललो की प्राध्यापक मित्र चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला मान्य आहे. एकेका विभागात मंजूर जागांपैकी निम्म्या रिकाम्या, उरलेल्यांवर परीक्षा, नॅकची कागदं, ऑनलाइन पोर्टलं, निवडणुकीची ड्युटी. आणि शिकवणारे बरेचसे सीएचबीवर, तासाप्रमाणं पैसे, तास नाहीत तर पैसे नाहीत. विहिरीची सगळ्यात महत्त्वाची मोजणी कधीची, तर मे महिन्याची, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हाची. आणि मे महिन्यात सीएचबीच्या सरांना एक रुपया मिळत नाही. मग मोजणी कोण करणार? ज्या माणसाला पुढच्या जूनमध्ये आपली ऑर्डर निघेल का नाही हे माहीत नाही त्याला तुम्ही वीस वर्षांची नोंद ठेवायला कसं सांगणार? विद्यापीठांनी पर्यावरणासाठी काय करावं यावर सेमिनार होतात, त्यात प्राध्यापक भरतीचा विषय कधी निघत नाही, आणि माझ्या मते तो पहिला विषय आहे. कायम माणूस नसेल तर कायम नोंद राहणार नाही, यात तडजोड नाही.

दुसरी अडचण कुणी उघड बोलत नाही. आपल्याकडं ग्रामीण भागातली बरीच कॉलेजं ज्यांच्या संस्थेची, साखर कारखानाही त्यांचाच किंवा त्यांच्या पाहुण्यांचा. अशा कॉलेजची पोरं ग्रामसभेत उभी राहून म्हणणार का की या पाणलोटात ऊस एवढा वाढला आणि मेमधली पातळी एवढी खाली गेली? सोपं नाही ते. ज्या संस्थाचालकांनी माळरानावर शाळा-कॉलेजं काढून शेतकऱ्याच्या पोरींना डिग्रीपर्यंत नेलं त्यांचं ऋण आहेच, पण पाण्याचा आकडा कुणाच्या सोयीनं बदलता कामा नये. म्हणून रजिस्टरचा ताबा एकट्या कॉलेजकडं नको. एक प्रत ग्रामपंचायतीत भिंतीवर, एक विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागात, आणि तालुक्यात भूजल यंत्रणेची जी निरीक्षण विहीर आहे ती पोरांनीपण मोजायची, म्हणजे सरकारी आकडा आणि कॉलेजचा आकडा आपोआप एकमेकांना तपासतील. पोरं चुकीचं मोजतील ही शंकापण त्यानंच जाते.

काही जण करून दाखवताहेत. आयआयटी मुंबईतलं सितारा केंद्र १९८५ पासून ग्रामीण प्रश्नांवरच काम करतंय, तिथल्या एमटेकच्या पोरांना गावात राहून अभ्यास करावाच लागतो, कर्जत भागातल्या नळयोजना का बंद पडतात, विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा असं काम तिथून झालं. २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान निघालं, इंजिनिअरिंग कॉलेजांनी जिल्हा प्रशासनासाठी असे अभ्यास करावेत म्हणून. कल्पना उत्तम होती. पण आयआयटीचं पोरगं अभ्यास करून जातं, त्याला जावंच लागतं. कळंबचं, जतचं, मेहकरचं पोरगं तिथलंच असतं, त्यामुळं खरी मदार याच कॉलेजांवर आहे.

आणि आता तर वेळपण मिळालाय. नवीन शैक्षणिक धोरणाच्या एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात डिग्रीच्या आराखड्यातच फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट बसवलंय. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. प्रत्येक पोराला, प्रत्येक पोरीला. सध्या काय होतंय, तर जो तो वेगळा विषय घेतो, गूगल फॉर्म फिरवून पन्नास जणांची उत्तरं आणतो, स्पायरल बाइंडिंग करतो, मार्क मिळतात, संपलं. ईव्हीएसच्या फाइलचं झालं तेच इथं होणार हे मला स्पष्ट दिसतंय. त्यापेक्षा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळानं एवढंच ठरवावं की विषय विद्यार्थ्यानं निवडायचा नाही, तो आधीच्या बॅचकडून त्याच्याकडं येईल. तीच विहीर, तोच उतार, तेच पर्जन्यमापक. मार्क वेगळ्या कल्पनेला नाहीत, मागच्या नोंदीला पुढची नोंद नीट जोडल्याला आणि ग्रामसभेत वाचून दाखवल्याला. मुलींना गावोगाव कसं पाठवायचं हाही प्रश्न मग उरत नाही, प्रत्येकीनं आपल्याच गावातलं मोजायचं.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठाच्या सिनेटवर पदवीधरांमधून १० जण निवडून जातात. तुमच्यापैकी ज्यांनी पदवीधर म्हणून नोंदणी केलीय त्यांच्याकडं मत मागायला उमेदवार येतात, बहुतेक वेळा निकाल उशिरा लागतात, हॉस्टेल नाही, फी वाढली यावर बोलणं होतं आणि ते विषय खरेच आहेत. यावेळी आणखी दोन गोष्टी विचारा. एक, विद्यापीठाच्या बजेटमध्ये प्रत्येक कॉलेजला मे महिन्यातल्या मोजणीसाठी, सरांच्या मानधनासह, वेगळी रक्कम धरायला तुम्ही भांडणार का. आणि दुसरं, आमच्या तालुक्यातल्या कॉलेजनं गेल्या वर्षी कुठल्या गावात काय मोजलं, ते रजिस्टर आम्हाला कुठं बघायला मिळेल.